सत्कार करा, पण पान वाचून

या महिन्यात आलेल्या पत्रांतल्या पाच-सहा पत्रांचा विषय एकच निघाला. गावोगावी आता पटकथा लिहिणाऱ्यांचे छोटे गट उभे राहिलेत. कुणी वाचनालयाच्या माडीवर जमतं, कुणी शाळेच्या वर्गात, कुणी गच्चीवर सतरंजी टाकून. गटातल्या कुणाचं काही चांगलं झालं की ते साजरं कसं करायचं, असं सगळ्यांनी विचारलंय. हा विषय माझ्या फार जवळचा. कोल्हापुरात आमचाही असा गट आहे, त्याला 14 वर्षं झाली, आणि या बाबतीत आम्ही चुकत चुकत शिकलो. म्हणून मालिकेच्या मानधनाचे आणि बोलीभाषेतल्या संवादांचे प्रश्न पुढच्या अंकासाठी ठेवलेत. ज्यांनी ते पाठवले त्यांनी महिनाभर थांबावं.

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. आम्ही 11 जण दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी जमून एकमेकांच्या पटकथा वाचतो. यंदा आमच्यातल्या एकीचा लघुपट महोत्सवात दाखवला गेला, एक जण मालिकेचे संवाद लिहायला लागला आणि एकाची पटकथा स्पर्धेत पहिल्या दहांत आली. तिघांचा सत्कार करायचा आहे. एखाद्या अभिनेत्याला पाहुणे म्हणून बोलवावं, शाल-श्रीफळ आणि स्मृतिचिन्ह द्यावं, असं काही जण म्हणतात. वर्गणीतून 15 हजार जमतील. कार्यक्रम कसा करावा?
– गटाची चिटणीस, सातारा

उत्तर : आधी तिघांना माझ्याकडून मनापासून अभिनंदन सांगा.

असे कार्यक्रम मी पुष्कळ पाहिलेत. पाहुणे तासभर उशिरा येतात, आल्यावर अर्धा तास फोटो होतात, मग ते स्वतःच्या वाटचालीवर पाऊण तास बोलतात. सत्कारमूर्तीला शेवटी दोन मिनिटं मिळतात. घाईघाईत ती सगळ्यांचे आभार मानते आणि चहा सुरू होतो. तिनं लिहिलं काय, ते सभागृहातल्या एकालाही कळलेलं नसतं. गायकाचा सत्कार असला की तो गातो. चित्रकाराचा असला की भिंतीवर चित्रं लागतात. पटकथा लिहिणारीचं काम मात्र दिसतच नाही. पडद्यावर दिसतो नट, दिसतं गाव, दिसतो उजेड.

म्हणून माझं एकच सांगणं आहे. त्या दिवशी तिचं पान वाचा. मोठ्यानं, सगळ्यांसमोर.

आमच्या कोल्हापुरात खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा मानस्तंभ आहे. देशी कॅमेरा बनवणाऱ्या बाबूराव पेंटरांच्या गावाला तो शोभतोच. पण त्याच्यापुढून जाताना मला दर वेळी शिवराम वाशीकर आठवतात. प्रभात फिल्म कंपनी 1929 साली इथं सुरू झाली आणि 1933 मध्ये पुण्याला गेली. 1936 मध्ये त्यांनी ‘संत तुकाराम’ काढला आणि पुढच्या वर्षी तो व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला. दामले-फत्तेलाल ही दिग्दर्शकांची जोडी आपल्याला माहीत असते, तुकाराम झालेल्या विष्णुपंत पागनीसांचा चेहरा डोळ्यांसमोर असतो. तो चित्रपट लिहिला वाशीकरांनी. मी गटात नवीन येणाऱ्या प्रत्येकाला हे नाव विचारते. 14 वर्षांत दोघांनी बरोबर सांगितलं.

बरोबर 83 वर्षांनी, 2020 मध्ये, त्याच व्हेनिसमध्ये चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘द डिसायपल’ या मराठी चित्रपटाला पुरस्कार मिळाला आणि तो होता पटकथेचा! त्या रात्री मी गटातल्या सगळ्यांना फोन केले. लॉकडाऊनचे दिवस, कुणाला भेटता येत नव्हतं. प्रत्येकाला दोन-दोनदा सांगितलं, अहो, पटकथेला मिळालाय, पटकथेला.

आता आमची चूक सांगते. राधानगरीकडच्या एका शाळेत शिकवणारी बाई आमच्या गटात आहे. तिनं लिहिलेला 18 मिनिटांचा लघुपट महोत्सवात गेला, तेव्हा आम्ही शाल दिली, नारळ दिला आणि पडद्यावर लघुपट दाखवला. नंतर सगळे बापाचं काम करणाऱ्या म्हाताऱ्या नटाबद्दल बोलले. सूर्यास्ताच्या शॉटबद्दल बोलले. बैल किती देखणा आहे, हेही दोघा-तिघांनी सांगितलं. ती शाल मांडीवर घेऊन कोपऱ्यात बसली होती. तिला कुणी काही विचारलं नाही. मला त्या रात्री झोप लागली नाही.

पुढच्या महिन्यात आम्ही तोच सत्कार पुन्हा केला. या वेळी पडदा लावला नाही. तिच्या पिशवीतून तिचे जुने खर्डे मागून घेतले आणि एकच प्रसंग दोनदा वाचला, आधी पहिल्या खर्ड्यातला, मग सहाव्यातला.

प्रसंग असा. पुण्यात नोकरी करणारी मुलगी दिवाळीला घरी येते. बापानं तिला न कळवता जोडीतला एक बैल विकलाय. पहिल्या खर्ड्यात त्यावर 11 संवाद होते. “आबा, सर्ज्या कुठाय?” “इकला.” “का?” मग कर्ज, मग ट्रॅक्टरचं भाडं, मग वैरणीचा भाव, मग मुलीचं रडणं. वाचायला दोन मिनिटं लागली. कान देऊन ऐकलं सगळ्यांनी, वाईट नव्हतंच ते.

मग सहावा खर्डा. सीन नंबर 14, परसू, आऊटडोअर, संध्याकाळ. मुलगी हातपाय धुवायला मागच्या दारी जाते. गोठ्यात एकच बैल उभा आहे. दुसऱ्या गव्हाणीत पुतण्याची सायकल आडवी ठेवलीय. खुंटीला दावं नीट गुंडाळून अडकवलंय. ती दाव्याकडे बघते, मग वळून बापाकडे. बाप दारात उभा आहे. तो म्हणतो, “च्या घे. निवतोय.”

अर्धं मिनिटही लागलं नाही वाचायला. संपल्यावर खोलीत कुणी हललं नाही. माझ्या शेजारी बसलेल्या बँकेतल्या गृहस्थांनी चष्मा काढून पुसला. त्या 11 संवादांचं काय झालं आणि ते एका सायकलीत कसे मावले, ते तेव्हा सगळ्यांना दिसलं. ती बाई त्या दिवशी पहिल्यांदा तासभर बोलली. दावं गुंडाळून ठेवणारा बाप म्हणजे विकल्यावरही बैलाची वस्तू जपणारा बाप, हे तिला चौथ्या खर्ड्यानंतर सुचलं होतं. नुसता लघुपट पाहून हे आम्हाला कधीच कळलं नसतं.

तेव्हा तुमच्या कार्यक्रमाचं असं करा. पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावरचं साधारण एक मिनिट. प्रत्येकाची सहा-सात पानं घ्या, म्हणजे मोठ्यानं वाचायला थोडा जास्त वेळ धरला तरी तिघांचं मिळून पाऊण तासात होईल. सीनचं शीर्षकही, म्हणजे जागा आणि वेळ सांगणारी वरची ओळ, वाचा, गाळू नका, नवख्याला त्यातूनच लिहिण्याची रीत कळते. लघुपट दाखवायचा तर वाचनानंतर दाखवा. मालिकेचे संवाद लिहिणाऱ्याची गंमत वेगळी आहे. त्याला वरून प्रसंगाचा गोषवारा येतो, तीन-चार ओळींचा. त्याला रात्री बसून त्याचे पाच पानांचे संवाद करायचे असतात आणि सकाळी सेटवर कलाकार वाट बघत असतात. त्या चार ओळी आधी वाचा आणि मग त्याची पाच पानं. त्यानं स्वतःचं काय घातलं, ते लोकांना आपोआप समजेल. मात्र प्रसारित झालेल्या भागातलंच घ्या, न झालेल्यातलं नको. स्पर्धेत पहिल्या दहांत आलेल्याची पानं तर अजून कुणी ऐकलेलीच नाहीत, म्हणून त्याला सगळ्यात जास्त वेळ द्या.

अभिनेत्याला बोलवायचं असेल तर जरूर बोलवा, पण भाषणाऐवजी एक पात्र द्या वाचायला. चांगला नट असेल तर तो खूश होईल. शाल आणि श्रीफळही द्याच. आईवडिलांना, सासरच्यांना त्याशिवाय सत्कार झाल्यासारखं वाटत नाही, आणि रात्री दीड वाजेपर्यंत दिवा जळत ठेवू देणाऱ्या घरच्यांना तसं वाटायला हवं.

मानपत्र लिहाल तेव्हा काम नेमकं लिहा. ‘मंथन’ या चित्रपटाचंच बघा. कथा वर्गीस कुरियन आणि श्याम बेनेगल यांची, पटकथा विजय तेंडुलकरांची, संवाद कैफी आझमींचे. तिन्ही कामं वेगळी. तेंडुलकरांना त्या चित्रपटाच्या पटकथेचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ‘देऊळ’साठी गिरीश कुलकर्णींना आणि ‘अस्तु’साठी सुमित्रा भावेंना मिळालेले राष्ट्रीय पुरस्कार संवादांचे होते. सरसकट ‘लेखक’ म्हणून मोकळं होऊ नका. ज्यानं जे केलं, ते त्याच्या नावापुढे लिहा.

प्रश्न : मावशी, मी दोन मुलं आणि नोकरी सांभाळून अडीच वर्षांत पहिली पटकथा पूर्ण केली. 104 पानं. आनंदानं गटात सांगितलं, तर एक ज्येष्ठ सदस्य म्हणाले, “चित्रपट झाला की सांगा.” सगळे हसले. पेढे नेले होते, ते तसेच परत आणले. माझं चुकलं का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : नाही गं बाई, अजिबात नाही. तुझं पत्र वाचून माझा जीव तुटला. ते पेढे मला पाठवले असतेस तरी चाललं असतं.

पटकथा पूर्ण होणं हीच पहिली मोठी गोष्ट आहे. सुरुवात शेकडो लोक करतात. पहिली 30 पानं उत्साहात होतात, 50व्या पानाच्या आसपास पात्रं ऐकेनाशी होतात, आणि बहुतेकांच्या फायली तिथंच कपाटात जातात. तू ते मधलं रान तुडवून पलीकडे गेलीस. चित्रपट होण्यासाठी पैसा लागतो, निर्माता लागतो, नटाच्या तारखा लागतात, नशीब लागतं. यातलं काहीच तुझ्या हातात नाही. 104वं पान मात्र तुझ्या हातात होतं आणि ते तू लिहिलंस.

आमच्या गटात यासाठी एक वही आहे. लाल कापडी बांधणीची, दुकानात खतावणीला वापरतात तसली. कुणाचा पहिला खर्डा पूर्ण झाला की तो त्यात स्वतःच्या अक्षरात तारीख, पटकथेचं नाव, पानांची संख्या आणि पटकथेची शेवटची ओळ लिहितो. बाकीच्यांनी उभं राहायचं. आजपर्यंत 61 नोंदी झाल्या. त्यांतल्या चार पटकथांचे चित्रपट झाले. कधी मन उदास झालं की मी ती वही काढून नुसत्या शेवटच्या ओळी वाचते. ‘लाइट येते.’ ‘एसटी वळणावरून दिसेनाशी होते.’ ‘ती कुलूप लावत नाही.’ या ओळींमागे काय काय असेल!

तुझ्या गटाला ही वही सुचव. त्यांना नको असेल तर तू तुझी स्वतःची घाल. आणि त्या ज्येष्ठांना एकदा नम्रपणे विचार, तुमच्या पहिल्या पटकथेची शेवटची ओळ काय होती? त्यांना ती आठवत असेल. सांगताना त्यांचा आवाज बदलेल.

प्रश्न : मॅडम, आमच्या गटाच्या व्हॉट्सॲपवर दर आठवड्याला कुणीतरी परदेशी महोत्सवात ‘बेस्ट स्क्रीनप्ले’ जिंकल्याचं टाकतं. आम्ही सगळे अभिनंदन करतो. पण काही महोत्सव दर महिन्याला विजेते काढतात आणि प्रवेश शुल्क डॉलरमध्ये घेतात. खरं काय, खोटं काय, कसं ओळखावं? विचारलं तर जळतो म्हणतील.
– विद्यार्थी, नांदेड

उत्तर : विचारायलाच हवं, पण सगळ्यांसमोर नको. त्या मित्राला फोन कर.

शुल्क घेतलं म्हणून महोत्सव खोटा ठरत नाही, चांगले महोत्सवही घेतात. चार गोष्टी बघायच्या. तो खरोखर एखाद्या गावात, थिएटरात, तारखा ठरवून भरतो का? परीक्षक कोण, त्यांनी स्वतः काय काम केलंय? मागच्या वर्षी ज्यांना बक्षीस मिळालं, त्यांच्या पटकथांचं पुढं काही झालं का? आणि प्रमाणपत्र, ट्रॉफी पाहिजे तर आणखी पैसे भरा, असं सांगतात का? शेवटचं उत्तर ‘हो’ आलं तर सावध व्हावं. मुंबई-पुण्याकडे कष्टानं कमावलेले पैसे असे गेलेली पोरं मी पाहिलीत.

गटानं बातमी टाकताना शब्द तोलून वापरावेत. प्रवेशिका पाठवली, प्राथमिक निवड झाली, अंतिम फेरीत आली, बक्षीस मिळालं, या चार वेगळ्या पायऱ्या आहेत. प्रत्येक पायरीवर आनंद व्हावा, पण तिचं नाव खरं लिहावं. कोणी अंतिम फेरीत पोचला असेल आणि आपण ‘विजेता’ लिहिलं, तर उद्या निर्मात्यासमोर त्यालाच मान खाली घालावी लागते.

आणखी एक सांगते, हे फार महत्त्वाचं. मालिका किंवा वेबमालिका मिळाली तर वाहिनीनं जाहीर करेपर्यंत गटानं तोंड उघडायचं नाही. करारात गोपनीयतेचं कलम असतं. एका मुलाला हौसेनं केलेल्या एका पोस्टपायी काम गमवावं लागल्याचं मी जवळून पाहिलंय. पोस्ट त्यानं नव्हती केली, त्याच्या मित्रांनी केली होती, अगदी प्रेमानं. धीर धरा. आपल्या माणसाचं नाव पडद्यावर आलं की मग पाहिजे तेवढा गुलाल उधळा.

प्रश्न : ज्या चित्रपटासाठी मी पटकथेचे तीन खर्डे लिहिले, तो लागला. श्रेयनामावलीत माझं नाव नाही. आमच्या गटानं मात्र दिग्दर्शकाला बोलावून त्या चित्रपटाचं कौतुक केलं. मी मागच्या रांगेत बसून होते. हे कुणाला सांगू?
– एक लेखिका, मुंबई

उत्तर : मला सांगितलंत ते बरं केलंत. मी त्या मागच्या रांगेत बसलेली आहे. 1996 सालची गोष्ट. पहिल्या खेळाला आईला घेऊन गेले होते. श्रेयनामावली संपली, चित्रपट सुरू झाला. आईनं विचारलं, “तुझं नाव शेवटी येतं का?” मी हो म्हणाले. शेवटीही आलं नाही. निर्माते कोण होते, ते महत्त्वाचं नाही आणि ते आता हयातही नाहीत. पण आईच्या त्या प्रश्नाची कळ अजून जात नाही.

तुमच्याजवळ तेव्हा माझ्याकडे नव्हतं असं काही असू शकतं. काय काय आहे ते आज संध्याकाळीच गोळा करा. तिन्ही खर्ड्यांच्या तारखा असलेल्या फायली, पाठवलेले मेल, व्हॉट्सॲपवरचे निरोप, मानधनाचा एखादा तरी हप्ता खात्यात आला असेल तर त्याची नोंद. पटकथा स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे नोंदवली होती का? ही संस्था 1960 पासून कामगार संघटना म्हणून नोंदलेली आहे आणि सभासदांच्या तक्रारींसाठी तिची वाद निवारण समिती आहे. सभासद असाल तर तिथं अर्ज करा. कॉपीराइट कायद्याच्या 57व्या कलमानं लेखकाला आपलं लेखन आपलं म्हणून सांगण्याचा हक्क दिलाय आणि हक्क विकल्यावरही तो उरतो. 2012 च्या दुरुस्तीनं चित्रपटगृहाबाहेरच्या वापराच्या रॉयल्टीतला लेखकाचा वाटाही कायद्यात आला. वकिलाला भेटाल तेव्हा ही दोन्ही विचारा. मात्र नुसती कल्पना तुमची होती, एवढ्यावर दावा टिकत नाही. कल्पनेवर कॉपीराइट नसतो, तुम्ही ती कागदावर जशी मांडली त्या मांडणीवर असतो, हे सर्वोच्च न्यायालयानं 1978 मध्येच स्पष्ट केलंय. म्हणून खर्डे जपायचे.

इथं गटाचंही काम आहे, आणि ते दिग्दर्शकाला हार घालण्यापेक्षा मोठं आहे. तुम्ही ते खर्डे गटात वाचले होते का? वाचले असतील तर कुठल्या तारखेला, कोण कोण हजर होतं, ते लिहून घ्या आणि सगळ्यांच्या सह्या घ्या. आमच्याकडे प्रत्येक वाचनाची नोंद होते. कुणी काय वाचलं, किती पानं, ऐकायला कोण. या नोंदीनं एका मुलाचं नाव एका चित्रपटाच्या श्रेयनामावलीत प्रदर्शनाआधी आलं. भांडण झालं नाही, कोर्ट झालं नाही, फक्त वहीचं पान दाखवलं गेलं.

आणि तुमच्या गटाला माझं हे उत्तर दाखवा. त्यांनी तुमचे तीन खर्डे ठेवून एक संध्याकाळ करावी. तुम्ही पहिल्या रांगेत बसा.

प्रश्न : मी 63 वर्षांचा आहे. 12 वर्षं लिहितोय. सहा पटकथा झाल्या, एकीचाही चित्रपट झाला नाही. गटातली 25 वर्षांची मुलं पुढे जातात. टाळ्या वाजवतो, पण घशात काहीतरी अडकतं. घरी येऊन स्वतःचीच लाज वाटते. गट सोडावा का?
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : दादा, सोडू नका. घशात अडकतं, कारण तुम्हाला अजून लिहायचंय. ज्यानं आतून लेखणी खाली ठेवली, त्याला काहीच अडकत नाही, तो मजेत टाळ्या वाजवतो. लाज बाळगायचं कारण नाही.

वर ज्या लघुपटाचं सांगितलं, त्याच्या पहिल्या खर्ड्याचा कागद माझ्या डोळ्यांसमोर आहे. वर चहाच्या कपाचा गोल डाग. त्या 11 संवादांवरून पेन्सिलीची एकच तिरकी रेघ. आणि समासात, तिच्या नव्हे, दुसऱ्याच अक्षरात : ‘गोठा दाखव. बोलायला नको.’

ते अक्षर आमच्या गटातल्या एसटीतून निवृत्त झालेल्या वाहकाचं. त्यांच्याही पाच पटकथा झाल्यात. एकीचाही चित्रपट झालेला नाही. 34 वर्षं तिकिटं फाडताना त्यांनी माणसांचं बोलणं ऐकलंय, त्यामुळे माणूस कुठं बोलतो आणि कुठं गप्प होतो, हे त्यांना जसं कळतं तसं मला कळत नाही. त्या दुसऱ्या सत्काराच्या दिवशी बाईनं समासातल्या त्या चार शब्दांबद्दल सांगितलं आणि स्वतःची शाल त्यांच्या खांद्यावर घातली. ते काही बोलले नाहीत. खिडकीशी जाऊन उभे राहिले. पुढच्या रविवारी सहाव्या पटकथेची नऊ पानं घेऊन आले.

12 वर्षांत तुमच्या हातून कुणाच्या कागदावर असे किती शब्द लिहिले गेले असतील, ते एकदा आठवून बघा. गटातल्या पोरांनाही विचारा, त्यांना माहीत असेल. तुमच्या चिटणिसांना माझ्याकडून सांगा की कुणाचाही सत्कार असला तरी त्या पटकथेचे खर्डे कुणी कुणी वाचून दिले, त्यांची नावं व्यासपीठावरून घ्यायची. सगळी, आणि त्यांना उभं करून.

आणि तुमच्या सहांपैकी तुम्हाला सगळ्यात जवळची जी असेल, तिची पहिली दहा पानं मला पाठवा. मी वाचून समासात लिहून परत पाठवीन. पत्ता अंकात आहेच.

प्रश्न : स्मृतिचिन्हं घरात धूळ खात पडतात. पटकथा लिहिणाऱ्याला दुसरं काय द्यावं?
– फोंडा, गोवा

उत्तर : त्याचीच पटकथा द्या, बांधून. झेरॉक्सच्या दुकानातलं स्पायरल नको, प्रबंध बांधतात तशी कापडी बांधणी, पाठीवर सोनेरी अक्षरात पटकथेचं नाव आणि लिहिणाऱ्याचं. दोन प्रती करा, एक त्याला आणि एक गटाच्या कपाटात. आम्ही शिक्षिकेच्या 18 मिनिटांच्या लघुपटाची बांधायला दिली, तेव्हा बांधणी करणारे काका म्हणाले, “पानं फार कमी आहेत, पाठीवर नाव मावणार नाही.” मग आम्ही तिचे सहाही खर्डे एकत्र दिले, पेन्सिलीच्या रेघांसकट, चहाच्या डागासकट. जाडी भरली. नाव मावलं.